पांढऱ्या घोड्याची फायनल: १९२३च्या एफए कप अंतिम सामन्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची (एफएची) स्पर्धा. तिच्या जुन्या फायनल्सचा विषय निघाला की सगळ्यात जास्त प्रश्न या एका सामन्याबद्दल येतात, आणि त्यातले निम्मे मैदानात उतरलेली गर्दी मागे हटवणाऱ्या पोलिसाच्या घोड्याबद्दल असतात. घोडा महत्त्वाचा आहेच. पण त्याच्यामुळे त्या दिवसाच्या इतर बऱ्याच गोष्टी झाकल्या गेल्या, म्हणून इथे त्याही घेतल्या आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा सामना नेमका कोणता? कोण जिंकलं?

शनिवार, २८ एप्रिल १९२३. बोल्टन वाँडरर्स २, वेस्ट हॅम युनायटेड ०. डेव्हिड जॅकनं दुसऱ्याच मिनिटाला पहिला गोल केला, दुसरा जॅक स्मिथनं उत्तरार्धाच्या सुरुवातीला. सामना झाला लंडनच्या वायव्येला नव्या कोऱ्या एम्पायर स्टेडियममध्ये, जे पुढे ‘वेम्ब्ली’ या नावानं जगभर ओळखलं गेलं. त्या मैदानावरचा हा पहिलाच फुटबॉल सामना.

बोल्टन हे लँकेशायरमधलं कापडगिरण्यांचं गाव. वेस्ट हॅम हा पूर्व लंडनचा, गोदी कामगारांच्या वस्तीतला क्लब. टेम्सकाठच्या एका जहाजबांधणी कारखान्याच्या संघातून तो जन्मला, म्हणून त्यांच्या चिन्हावर आजही हातोडे आहेत.

२. एफए कप म्हणजे प्रीमियर लीगच का?

नाही. लीगमध्ये सगळे संघ एकमेकांशी खेळतात आणि वर्षाखेरीस गुण मोजले जातात. एफए कप ही बाद पद्धतीची स्पर्धा आहे, हरलात की घरी. १८७१-७२ पासून चालू असलेली ही जगातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा मानली जाते. हिच्यात खालच्या विभागातले, अगदी हौशी क्लबसुद्धा उतरतात. प्रीमियर लीग जन्मली १९९२ साली. १९२३मध्ये सर्वांत वरच्या विभागाला ‘फर्स्ट डिव्हिजन’ म्हणत, आणि सामान्य माणसाला लीगच्या विजेतेपदापेक्षा कपच्या फायनलचं अप्रूप जास्त होतं.

३. वेम्ब्ली फुटबॉलसाठीच बांधलं होतं ना?

खरं तर नाही. १९२४मध्ये तिथे ब्रिटिश साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरायचं होतं आणि स्टेडियम त्या प्रदर्शनाचा भाग होतं. जागेची पूर्वकथा मजेशीर आहे. एडवर्ड वॉटकिन नावाच्या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाला तिथे आयफेल टॉवरपेक्षा उंच मनोरा उभारायचा होता. पहिला मजला झाला आणि काम रखडलं, शेवटी ते अर्धवट धूड पाडून टाकलं. त्याच टेकाडावर स्टेडियम उभं राहिलं.

बांधकाम सुमारे ३०० दिवसांत झालं, खर्च साडेसात लाख पौंड. पूर्ण झालं ते सामन्याच्या चारच दिवस आधी. म्हणजे सव्वा लाख माणसांची जागा, आणि तिथली दारं, जिने, वाटा यांतून गर्दी कशी वाहते हे कुणी पाहिलेलं नाही. इथून पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

४. तिकिटं विकली नव्हती का? कुणीही यायचं आणि घुसायचं?

बसायच्या जागांची तिकिटं आधी विकली होती. पण उभं राहून पाहायच्या पायऱ्यांसाठी, म्हणजे बहुतेक जागेसाठी, दारावर पैसे भरून आत जायचं होतं. त्या काळात हीच पद्धत होती.

एफएचा हिशेब असा होता: आधीच्या तीन फायनल्स चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर झाल्या, आणि त्यांतल्या १९२०च्या सामन्याला जेमतेम पन्नास हजार लोक आले होते. मग सव्वा लाखाचं मैदान कसलं भरतंय! पण त्यांनी पहिल्या महायुद्धाआधीचे आकडे पाहायला हवे होते. क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर १९०१च्या फायनलला १,१०,८२० आणि १९१३च्या फायनलला १,२१,९१९ लोक जमले होते. त्यात या वेळी लंडनचाच एक संघ, स्वच्छ हवा, शनिवार आणि पाहायला नवंकोरं स्टेडियम. एवढं सगळं जुळून आल्यावर लोक येणार नाहीत तर काय होणार? ही नुसती चुकलेली अटकळ नव्हती, निष्काळजीपणा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

५. नक्की किती प्रेक्षक होते? कुठे १,२६,०४७ वाचलं, कुठे तीन लाख.

१,२६,०४७ हा अधिकृत आकडा आहे. तो दारावर मोजून आत गेलेल्यांचा. कुंपणावरून, भिंतीवरून, दारं मोडून आत शिरलेल्यांची मोजणी कुणी केली नाही, करताही आली नसती. अंदाज दोन लाखांपासून तीन लाखांपर्यंत केले जातात. स्टेडियमभोवती येऊन परत गेलेल्यांचाही त्यात कधी समावेश होतो, कधी नाही, त्यामुळे आकडे एवढे विखुरलेले दिसतात. कुठे लिहायची वेळ आलीच तर ‘अधिकृत १,२६,०४७, प्रत्यक्षात दोन लाखांच्या आसपास किंवा जास्त’ असं लिहा.

६. लोक मैदानात का उतरले? दंगल झाली होती का?

दंगल नव्हती. दारं सकाळी साडेअकराला उघडली. एक वाजेपर्यंत सगळं सुरळीत होतं, मग लोंढा आला. पावणेदोनला दारं बंद करायचा निर्णय झाला आणि रेल्वे स्टेशनांना तसं कळवलंही, पण निघालेली माणसं निघालेली होती. सव्वादोनच्या सुमारास बाहेरच्या गर्दीनं अडसर मोडले.

आत वेगळाच गोंधळ होता. कुणी कुठे जायचं हे सांगायला कुणी नाही. स्टुअर्ड, म्हणजे लोकांना जागा दाखवणारे कर्मचारी, होते, पण त्यांनाच काही माहीत नव्हतं, आणि वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर भरपूर तोंडसुख घेतलं. त्यामुळे लोक आत आले की खालच्या पायऱ्यांवरच थांबत. वरच्या भागात जागा असताना खालचा भाग खचाखच भरला. मागून रेटा वाढत गेला तसा पुढच्यांना एकच मार्ग उरला, कठडा ओलांडून हिरवळीवर. म्हणजे बरेचसे लोक सामना बिघडवायला आत उतरले नव्हते, चिरडून मरू नये म्हणून उतरले होते.

खेळाडूंचेही हाल झाले. बोल्टनच्या संघाची बस साधारण मैलभर अलीकडे अडकली, आणि ज्यांचा सामना पाहायला लोक चालले होते ते खेळाडूच त्या लोकांमधून वाट काढत पायी स्टेडियमला पोहोचले.

७. घोड्यानं नेमकं काय केलं?

घोड्याचं नाव बिली, स्वार होता कॉन्स्टेबल जॉर्ज स्कोरी. त्या दिवशी त्याची तिथे ड्यूटीही नव्हती, तातडीची मदत मागवली गेली तेव्हा तो आला. मैदानात शिरल्यावर त्याला गवत दिसलंच नाही, दिसली ती नुसती डोकी, असं त्यानं नंतर सांगितलं.

त्यानं छडी चालवली नाही की घोडा अंगावर घातला नाही. पुढच्या रांगेतल्या लोकांना एकमेकांचे हात धरायला सांगितलं, आणि बिलीच्या मदतीनं ती साखळी पाऊलपाऊल मागे सरकवत नेली. गोलाजवळून सुरुवात करून हळूहळू रेषेपर्यंत. एक पट्टा मोकळा झाला की पुढचा. हे काम कंटाळवाणं आणि चिकाटीचं होतं, चित्रफितीत दिसतं तेवढं नाट्यमय नव्हतं. लोकही ऐकत होते, हे विसरू नका. एवढ्या गर्दीनं ठरवलं असतं तर दहा घोडे आणूनही ती हलली नसती.

सामना तीनला सुरू व्हायचा होता, तो सुमारे पाऊण तास उशिरा सुरू झाला.

८. म्हणजे एकाच घोड्यानं दोन लाख लोक आवरले?

ही दंतकथा. त्या दिवशी इतरही अनेक घोडेस्वार पोलीस होते, पायी पोलीस होते, दोन्ही संघांचे खेळाडूही लोकांना मागे सरकायची विनंती करत होते. बाकीचे घोडे गडद रंगाचे होते. काळ्या कोटांच्या आणि टोप्यांच्या गर्दीत कृष्णधवल चित्रफितीवर उठून दिसला तो एकटा बिली. कॅमेऱ्यानं त्याला निवडलं आणि सामन्याला नाव मिळालं.

९. घोडा पांढरा नव्हता असंही वाचलं.

बरोबर वाचलंत. तो करड्या रंगाचा होता. त्या काळच्या फिल्मवर पांढरा दिसला आणि तेच नाव चिकटलं.

१०. राजा आला म्हणून लोक शांत झाले, हे खरं आहे का?

काही अंशी. पाचवा जॉर्ज पावणेतीनच्या सुमारास आला, बँडनं राष्ट्रगीत वाजवलं, आणि गर्दीनं ते मोठ्यानं गायलं. वातावरण निवळलं असं अनेकांनी नोंदवलं आहे. पण राष्ट्रगीत गाऊन मैदान रिकामं होत नाही. त्यानंतरही पाऊण-एक तास रेटारेटी चालली होती (प्रश्न ७).

११. पहिला गोल कसा झाला? वेस्ट हॅमचा खेळाडू गर्दीत अडकला होता म्हणतात.

हो. वेस्ट हॅमचा जॅक ट्रेसॅडर्न थ्रो-इन घ्यायला रेषेबाहेर गेला आणि गर्दीत अडकला, त्याला लगेच आत येता येईना. तेवढ्यात चेंडू डेव्हिड जॅककडे आला, त्यानं जोरदार फटका मारला आणि गोलरक्षक टेड हफ्टनला काही करता आलं नाही. जाळीला अगदी चिकटून लोक उभे होते, त्यामुळे चेंडूचा मार जाळीमागच्या एका प्रेक्षकाला बसला. वेम्ब्लीतला पहिला गोल तो हा.

तीनच मिनिटांनी वेस्ट हॅमच्या व्हिक वॉटसनला गोलापासून काही यार्डांवर चेंडू मिळाला आणि त्यानं तो आडव्या दांड्यावरून मारला. तो आत गेला असता तर आज आपण कदाचित वेगळ्या फायनलबद्दल बोलत असतो.

१२. आणि दुसऱ्या गोलचा वाद काय?

टेड व्हिझार्डनं डावीकडून चेंडू आत दिला, जॅक स्मिथनं मारला, आणि चेंडू मैदानात परत उसळला. वेस्ट हॅमचं म्हणणं, तो खांबाला लागून आला, गोल नाही. पंच डी. एच. अ‍ॅसन यांचा निर्णय: चेंडू गोलात गेला होता आणि जाळीला टेकून उभ्या असलेल्या प्रेक्षकांना लागून परत आला. गोल मान्य.

त्याआधी रेषेबाहेर चाललेला चेंडू बोल्टनच्या एका पाठीराख्यानं पायानं आत ढकलून व्हिझार्डला दिला, असाही दावा झाला. प्रेक्षकाचा पाय लागला असेल तर खेळ थांबायलाच हवा होता. पण रेषेवरच माणसं उभी असताना पंचांना ते दिसणार कसं? वेस्ट हॅमच्या लोकांना याची चीड वाटणं मला समजतं. तरीही त्या दिवशी बोल्टन जास्त चांगलं खेळलं, हे बहुतेक समकालीन वृत्तांत मान्य करतात.

१३. एवढी अंदाधुंदी असताना सामना ग्राह्य कसा धरला? पुन्हा का खेळवला नाही?

सामना चालू ठेवायचा की थांबवायचा हा अधिकार पंचांचा, आणि त्यांनी तो पूर्ण केला. मध्ये खंड पडलाच. अकराव्या मिनिटाला गर्दी पुन्हा आत सरकली आणि खेळ थांबवावा लागला. मध्यंतराला खेळाडूंना ड्रेसिंग रूमपर्यंत पोहोचताच येत नव्हतं, म्हणून ते मैदानावरच पाच मिनिटं थांबले आणि बाजू बदलून पुन्हा सुरू झाले.

वेस्ट हॅमचा कर्णधार जॉर्ज के यानं सामना रद्द करण्याबद्दल पंचांशी बोलून पाहिलं, आणि त्यावर बोल्टनचा कर्णधार जो स्मिथ ‘आमचं छान चाललंय, वेळ पडली तर अंधार होईपर्यंत खेळू’ अशा अर्थाचं काही म्हणाला, असं सांगतात. पुढे असलेला कर्णधार दुसरं काय म्हणणार!

१४. घोड्यामुळेच वेस्ट हॅम हरलं, हे कुठून आलं?

त्यांचा प्रशिक्षक चार्ली पेंटर याच्याकडून. वेस्ट हॅमचा खेळ कडेच्या वेगवान खेळाडूंवर उभा होता, आणि नेमक्या कडाच घोड्यांच्या टापांनी आणि लोकांच्या बुटांनी उखडल्या होत्या. आमचे विंगर खड्ड्यांत अडखळत होते, अशी त्याची तक्रार. मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण त्याच खड्ड्यांतून बोल्टनचा व्हिझार्डही धावत होता.

१५. वेस्ट हॅम दुसऱ्या विभागात होतं ना? मग फायनलपर्यंत कसं आलं?

होय, आणि लीगमध्ये येऊन त्यांना जेमतेम चार हंगाम झाले होते. वाटेत त्यांना पहिल्या विभागातला एकही संघ भेटला नाही, हे नशीब. पण उपांत्य फेरीत डर्बी काउंटीला ५-२ हरवलं, ते नशिबानं होत नाही. फायनलनंतर आठवड्याभरात ते दुसऱ्या विभागात दुसरे आले. लेस्टर सिटीचे गुणही तेवढेच होते, वेस्ट हॅम गोलांच्या सरासरीवर वर राहिलं आणि पहिल्यांदाच पहिल्या विभागात गेलं.

बोल्टन याआधी १८९४ आणि १९०४च्या फायनल्स हरलं होतं. त्यांचा हा पहिलाच कप.

१६. कुणाचा जीव गेला का?

नाही, आणि हे आश्चर्यच आहे. किरकोळ दुखापतींचा आकडा ९०० ते १,०००च्या घरात सांगितला जातो, रुग्णालयात न्यावं लागलं ते त्या मानानं फार थोड्यांना. जखमींत पोलीसही होते.

१७. ज्यांना तिकीट असून जागा मिळाली नाही, त्यांचं काय?

एकूण २७,७७६ पौंड गोळा झाले होते. आपल्या राखीव जागेपर्यंत पोहोचूच न शकलेल्यांना एफएनं पैसे परत केले, ती रक्कम एकूण जमेच्या साधारण दहा टक्के होती. पुढच्या वर्षीपासून फायनलची सगळी तिकिटं आधीच विकायला सुरुवात झाली. १९२४ची न्यूकॅसल–अ‍ॅस्टन व्हिला फायनल ही तशी पहिली.

१८. सरकारनं चौकशी केली का? त्यातून काय निघालं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

संसदेत चर्चा झाली. गृहमंत्री विल्यम ब्रिजमन यांनी पोलिसांची तारीफ केली. ऑस्वल्ड मोस्लीनं, हाच पुढे ब्रिटनमधल्या फॅसिस्टांचा पुढारी झाला, प्रेक्षकांना गुंड ठरवायचा प्रयत्न केला तेव्हा सभापतींनी त्याला समज दिली. मग एडवर्ड शॉर्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १९२४मध्ये आला. एफएनं या समितीपुढे साक्ष द्यायलाच नकार दिला. तरीही समितीचा सूर असा की मैदानांच्या सुरक्षेची काळजी क्रीडा संघटना स्वतःच घेतील, तूर्त त्यांच्यावर सोपवायला हरकत नाही. कायदा झाला नाही.

९ मार्च १९४६. बर्नडेन पार्क, म्हणजे याच बोल्टन वाँडरर्सचं घरचं मैदान. स्टोक सिटीविरुद्ध कपचा सामना. पुन्हा तेच: क्षमतेपेक्षा जास्त लोक, बंद केलेली दारं, तरीही आत शिरणारी गर्दी, एका कोपऱ्यात वाढत गेलेला रेटा. ३३ माणसं मेली. पुन्हा चौकशी झाली, मैदानांना परवाना सक्तीचा करा अशी शिफारस झाली, आणि पुन्हा कायदा झाला नाही. तो झाला १९७५मध्ये, ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९७१ साली ६६ जण गेल्यानंतर. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या १९८९च्या दुर्घटनेतले ९७ मृत्यू त्याच्याही नंतरचे.

१९२३ला कुणी मेलं असतं तर शॉर्ट समितीला एवढं मऊ लिहिता आलं असतं का? मला नाही वाटत. कुणी दगावलं नाही म्हणून त्या दिवसाची गोड गोष्ट झाली, आणि त्या गोष्टीत घोडा होता, एफए नव्हती.

१९. रेडिओवर या सामन्याचं समालोचन ऐकायला मिळतं का?

नाही, कारण ते झालंच नाही. बीबीसी तेव्हा काही महिन्यांची होती. एफए कप फायनलचं पहिलं रेडिओ समालोचन १९२७चं, कार्डिफ सिटी विरुद्ध आर्सेनल. १९२३ची मूक चित्रफीत मात्र उपलब्ध आहे. तीत खेळाडू ओळखायला त्रास होईल, कारण पाठीवर क्रमांक घालायची पद्धत अजून आली नव्हती. पांढरे शर्ट बोल्टनचे, एवढी खूण पुरे.

२०. पुढे या खेळाडूंचं काय झालं?

गोलरक्षक डिक पिमनं बोल्टनसाठी १९२३, १९२६ आणि १९२९ अशा तीन फायनल्स जिंकल्या, आणि तिन्हींत मिळून एकही गोल खाल्ला नाही. डेव्हिड जॅक १९२८मध्ये १०,८९० पौंडांना आर्सेनलकडे गेला. दहा हजारांच्या वर किंमत मिळालेला तो पहिला खेळाडू.

दोन्ही कर्णधार पुढे नामवंत व्यवस्थापक झाले. जॉर्ज केनं लिव्हरपूलला १९४७चं लीग विजेतेपद मिळवून दिलं. जो स्मिथची गोष्ट जास्त गमतीची आहे. १९५३ची फायनल, जी ब्लॅकपूलच्या स्टॅनली मॅथ्यूज या खेळाडूच्या नावानं ओळखली जाते, ब्लॅकपूल ४, बोल्टन ३. त्या दिवशी ब्लॅकपूलचा व्यवस्थापक होता जो स्मिथ. ज्या मैदानावर राजाच्या हातून त्यानं बोल्टनसाठी पहिला कप घेतला, तिथेच तीस वर्षांनी त्यानं बोल्टनच्या तोंडचा घास काढला.

२१. स्कोरीला बक्षीस मिळालं का?

एफएनं त्याला पुढच्या फायनल्सची फुकट तिकिटं देऊ केली. तो गेला नाही. त्याला फुटबॉलमध्ये रस नव्हता.

२२. वेम्ब्लीत आज या घटनेची काही खूण आहे का?

जुनं स्टेडियम पाडलं गेलं, २००७मध्ये नवं उघडलं. तिथल्या पादचारी पुलाला लोकांच्या मतदानातून ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ हे नाव मिळालं. १९६६च्या विश्वविजेत्या इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्झी आणि त्या विश्वचषकाच्या फायनलचा नायक जेफ हर्स्ट यांचीही नावं स्पर्धेत होती, घोड्यानं त्यांना मागे टाकलं.

२३. या मैदानाचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो अभिमानाचा आहे. १२ ऑगस्ट १९४८ला याच स्टेडियममध्ये स्वतंत्र भारतानं ऑलिंपिक हॉकीच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४-० हरवून सुवर्णपदक घेतलं. साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी बांधलेलं मैदान (प्रश्न ३), आणि स्वातंत्र्याला वर्ष पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी.

२४. बोल्टन आणि वेस्ट हॅम पुन्हा कधी फायनलमध्ये भेटले का?

एफए कपच्या फायनलमध्ये नाही. बोल्टननं चौथा आणि आजवरचा शेवटचा कप १९५८मध्ये जिंकला. वेस्ट हॅमला पहिल्यासाठी १९६४पर्यंत थांबावं लागलं, मग १९७५ आणि १९८०. तिन्ही वेळा वेम्ब्लीतच.